मीठ, बर्फ आणि जाळं

मच्छीमार नगरातल्या एका दारापुढे बांगडे खारवण्याचं काम चाललं होतं. मावशी विळीवर एकेक बांगडा पाठीतून चिरत होत्या, आतडी आणि कल्ले काढून टाकत होत्या, धुतलेली मासळी पाटीत निथळायला ठेवत होत्या. मग पोटात जाडं मीठ दाबून भरायचं. पिंपाच्या तळाशी मीठ, त्यावर बांगड्यांचा थर, पुन्हा मीठ. तीन-चार भाग मासळीला साधारण एक भाग मीठ. पाण्याचा थेंबही घातला नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी पिंपातले बांगडे खाऱ्या पाण्यात बुडालेले होते. मावशी म्हणाल्या, "पानी सुटला का समजाचा, मीठ लागला."

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. रासायनिक बंध समजावायला या पिंपाइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

मिठाचा खडा हातात घेतला तर त्याच्या कडा काटकोनात दिसतात. सोडिअमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1 अशी. क्लोरिनच्या अणूत 2, 8, 7. सोडिअमचा शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो, एक धन आयन होतो, दुसरा ऋण, आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात; हा आयनिक बंध. खड्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात. ही रचना ब्रॅग पितापुत्रांनी 1913 साली क्ष-किरणांनी उलगडली. ती मोडून मीठ वितळवायचं तर 801 अंश सेल्सिअस तापमान लागतं.

पिंपात मात्र आग नव्हती, बांगड्याची ओल होती. पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून ती बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. असे अनेक रेणू एकेका आयनाला घेरतात आणि खड्यातून सोडवून नेतात. मासळीबाहेर दाट खारं पाणी तयार झालं की मांसातलं पाणी त्याकडे झिरपतं आणि मीठ आत शिरतं. आत उरलेलं पाणीही आयनांभोवती गुंतून पडतं. जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी मिळत नाही, म्हणून खारा बांगडा टिकतो.

होडीवर बर्फाचं काम वेगळं. फोडलेला बर्फ खणात मासळीच्या थरांमध्ये पसरतात. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि ती मुख्यतः मासळीतून येते. या उष्णतेने रेणूरेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंध, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेला बंध, तसाच राहतो, म्हणून बर्फ वितळला तरी पाणी पाणीच असतं.

धक्क्यावर पसरलेलं नायलॉनचं जाळं पाण्याला दाद देत नाही. त्याच्या लांबलचक साखळीत अणू सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात आणि शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. सुती जाळं पाण्यात कुजायचं. नायलॉन कुजत नाही. पण उन्हातले अतिनील किरण या साखळ्या तोडतात. फार ऊन खाल्लेल्या जाळ्याचा धागा सहज तुटतो, आणि जाळं विणणाऱ्या हाताला ते लगेच कळतं.

आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'रासायनिक बदल व रासायनिक बंध' हा पाठ आहे. मुलं त्यातून आयनिक आणि सहसंयुज बंधांच्या व्याख्या पाठ करतात आणि मग विचारतात, यांत मजबूत कोणता? मच्छीमार नगरात या प्रश्नाचं एकच उत्तर देता येत नाही. आगीला दाद न देणारं मीठ ओलीपुढे सुटतं, आणि पाण्याला न जुमानणारं नायलॉन उन्हापुढे हरतं. बंध कशाने तुटतो आणि तुटताना नेमका कोणता तुटतो, हे मुलांनी विचारायला हवं. इथल्या कोळी घरांतल्या मुलांकडे त्याची निम्मी उत्तरं आधीच आहेत. पाठाची सुरुवात त्यांच्यापासूनच व्हावी.