एक डंख, पण कोणाला?

ॲलर्जीची ओळख : लेखांक 7

मागच्या लेखात आपण खाण्यातून येणारी ॲलर्जी पाहिली. आज डंखातून येणारी.

शिवनेरी, सिंहगडाच्या कड्यांवर किंवा शहरातल्या उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली आग्या मोहोळ उठलं की बातमी होते. शेकडो माश्या चावल्या तर विषानेच स्नायूंची हानी होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तो धोका कोणालाही आहे. ॲलर्जीचं तसं नाही. तिथे एकच मधमाशी किंवा एकच गांधीलमाशी पुरते.

मग धोका कोणाला जास्त? आधी काय घडलं होतं, हे पहिल्यांदा विचारायचं. बोटाला चावलं आणि हात कोपरापर्यंत सुजला, तर दिसायला भीतीदायक असलं तरी पुढच्या डंखाला सर्वांगावर परिणाम होण्याची शक्यता साधारण 5 ते 10 टक्के असते. पण डंख पायाला आणि पित्त पाठीवर उठलं, आवाज बसला, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गोष्ट गंभीर आहे. अशी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या डंखाला ती पुन्हा येऊ शकते. आपल्याकडे अशा पित्तावर आमसुलाचं पाणी चोळतात, दोन तासांत ते उतरतं आणि घरचे विसरून जातात. मला सगळ्यात घातक वाटतं ते हे विसरणं.

वाढतं वय आणि हृदयविकार हेही धोका वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

एक खूण मात्र सहज निसटते. काहींच्या अंगावर पित्त उठतच नाही, डंखानंतर काही मिनिटांतच ते कोसळतात. अशांच्या शरीरात ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या ‘मास्ट’ पेशी जास्त असू शकतात. बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी रक्तातलं ट्रिप्टेज तपासलं की त्याचा अंदाज येतो.

मधपाळांचा अनुभव उलटा वाटेल. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकायला येणाऱ्या नवख्यांनी हे ध्यानात ठेवावं: वर्षाला शेकडो डंख सोसणाऱ्यांना ॲलर्जीचा त्रास क्वचितच होतो, मोजकेच डंख बसणाऱ्यांना जास्त.

प्रतिक्रिया सुरू झाली तर औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीने ते काम होत नाही. माश्यांपासून दूर नेल्यावर, चक्कर येणाऱ्याला आडवं झोपवा, चालवत गड उतरवू नका, 108 ला फोन करा.

डंखानंतर तुम्हाला कधी सर्वांगावर पित्त, धाप किंवा चक्कर आली असेल, तर या आठवड्यातच ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. विषाचेच सूक्ष्म डोस तीन ते पाच वर्षं देऊन संरक्षण मिळवता येतं, ते तुमच्यासाठी योग्य आहे का, कुठे मिळेल, हे त्यांना विचारा. आणि पुढच्या वेळी गडावर निघण्याआधी सोबत्यांना हे सांगून ठेवा.