ठोसा दिसला, तोवर उशीर झाला

दरवर्षी 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजात माणसांचा पूर लोटतो. दांडपट्टा गरगरतो, लाठी फिरते, टाळ्या पडतात. शस्त्र आणि कुस्ती या दोन्ही गोष्टी आपल्या मातीतल्या. मुठीने मारणं आणि मुठीपासून वाचणं मात्र आपल्याकडे आलं ते मुख्यतः कराटे आणि बॉक्सिंगच्या वर्गांतून. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. 2023 साली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने राजमाता जिजाऊंच्या नावाने युवतींसाठी तीन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरंही सुरू केली. मुली शिकू लागल्या हे चांगलंच झालं. पण या शिकण्यासोबत काही समजुतीही घट्ट बसल्या, आणि त्यातल्या एक-दोन अंगाशी येणाऱ्या आहेत.

गैरसमज: प्रत्येक ठोशाला एक ठरलेली तोड असते, ती पाठ केली की झालं.

कुस्तीत डाव आणि तोड ही जोडी असते, म्हणून हे चटकन पटतं. शाळेच्या मैदानावर चित्रही तसंच दिसतं. रांगेत उभ्या मुली, सरांचा आकडा, एकीचा सरळ ठोसा, दुसरीचा हात वर. ठोसा कधी येणार, कुठून येणार, कोणत्या हाताने येणार, सगळं आधीच ठाऊक.

वस्तुस्थिती घड्याळात आहे. डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंत साधारण 0.2 सेकंद जातात. सरावलेल्या बॉक्सरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जवळपास तेवढ्याच किंवा त्याहून कमी वेळात पोहोचतो. त्यात चार तोडी पाठ असतील तर मेंदूला आधी निवड करावी लागते. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1952 मध्ये दाखवून दिलं की पर्याय वाढले की प्रतिसादाला लागणारा वेळही वाढतो. म्हणजे जास्त तोडी येणारी मुलगी प्रत्यक्षात जास्त उशिरा हलण्याची शक्यता आहे.

मग कराटेतले ते ब्लॉक खोटे का? नाही. 1901 च्या सुमारास इतोसू अंको या ओकिनावातल्या गुरूंनी कराटे शाळांमध्ये नेलं, तेव्हा ते बऱ्याच अंशी मुलांच्या कवायतीच्या रूपात बसवलं गेलं. अंग वळवणं, पाय रोवणं, कंबर आणि हात एकत्र चालवणं यासाठी ती कवायत उत्तमच आहे. पण ती पाटी गिरवण्यासारखी. गिरवलेलं अक्षर म्हणजे पत्र नव्हे.

खरा बचाव ठोशाच्या आधी सुरू होतो, आणि तो अंतराचा असतो. समोरचा माणूस हात लांब करूनही पोहोचू शकत नाही, अशा जागी उभं राहिलं तर त्याला मारायला आधी पाऊल टाकावं लागतं. ते पाऊल मुठीपेक्षा खूप आधी दिसतं. म्हणून नजर मुठीवर नको, छाती आणि खांद्यांवर हवी. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर, उघडे, समोर ठेवून ‘दादा, मागे व्हा’ असं मोठ्याने म्हणायचं. बघणाऱ्याला ती विनवणी वाटते. प्रत्यक्षात हात आधीच चेहऱ्याजवळ पोहोचलेले असतात.

गैरसमज: ठोसा आला की मागे सरकायचं.

हा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. जॅबला एक पाऊल मागे जाणं चालतं. तो हलका असतो, आणि आपल्या हनुवटीसमोर चार बोटांवर तळव्याने त्याला नुसती टिचकी दिली तरी त्याची दिशा बदलते. चूक होते ती त्याला गाठायला हात पुढे फेकण्यात. हात गेला की चेहरा उघडा, आणि जॅबच्या मागोमाग येतो क्रॉस, मागच्या हाताचा, कमरेचा पीळ घेऊन आलेला सरळ ठोसा. सरळ रेषेत मागे जाणारा माणूस त्याच रेषेत सापडतो. म्हणून क्रॉसला तिरकं पाऊल. हनुवटी खाली, खांदा वर, डोकं रेषेबाहेर.

आता रस्त्यावरचा नेहमीचा प्रकार घ्या. न शिकलेला माणूस रागात बहुधा सरळ मारतच नाही. तो हात मागे नेऊन कडेने मोठा फेरा घेतो. बॉक्सिंगमधल्या हुकचा हा गावठी भाऊ. एसटी स्टँडवरच्या भांडणात नव्वद पावलांवरूनही तो ओळखू येतो. याच्यापुढे मागे सरकलं तर मूठ नेमकी वेगाच्या टोकाला गाठते, कारण अशा फेऱ्यात सगळ्यात वेगवान भाग मूठच असतो. उलट आत शिरलं तर खांद्याजवळ नुसता दंड लागतो, आणि त्यात फारसा दम नसतो. आत शिरताना हात असा: तळवा कानामागे डोक्याला चिकटलेला, कोपर पुढे, बाहूने कान आणि जबडा झाकलेला. झाकणारा हात डोक्यापासून सुटा ठेवला तर स्वतःचाच हात स्वतःच्या कानावर आदळतो; ही चूक पहिल्या दिवशी बहुतेकांची होते. आत गेल्यावर त्याचा दंड काखेत धरायचा, डोकं त्याच्या खांद्याला टेकवायचं, आणि संधी मिळताच ढकलून निघायचं.

इथे आखाड्यात वाढलेल्या पोराला फायदा आहे. झोंबणं त्याच्या अंगात असतं. विदर्भात ही परंपरा जुनी आहे; अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. कराटेच्या वर्गाने कुस्तीवाल्याला हिणवू नये असं मला वाटतं, कारण कडेच्या ठोशाला त्याचं अंग जे करतं ते बरोबर असतं. फक्त एक सवय त्याने सोडायला हवी: मान खाली घालून पुढे वाकायची. वाकलेल्या डोक्याला खालून येणारा अपरकट आणि गुडघा दोन्ही सापडतात. अपरकट लांबून क्वचितच येतो; तो डोकं वाकलेल्यालाच शोधतो. कोपरं बरगड्यांशी, पाठ सरळ. एवढंच त्याचं उत्तर.

गैरसमज: डोळे मिटले, दचकलं, म्हणजे शिक्षण वाया गेलं.

दचकणं जन्मजात आहे. कुणाचंही सुटत नाही. खांदे वर येतात, हात चेहऱ्याकडे जातात. चांगला प्रशिक्षक त्याच दचकण्याला आकार देतो: हात जाणारच आहेत, तर ते वर सांगितल्यासारखे कानामागे जाऊ देत. म्हणून एकच झाकण, दोन्ही बाजूंना, हजार वेळा.

गैरसमज: बॉक्सिंग शिकलेला रस्त्यावर कुणालाही लोळवतो.

बुलढाणा जिल्ह्याचा अनंता चोपडे 2019 मध्ये इंडोनेशियात झालेल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये सुवर्णपदक जिंकून आला, 52 किलो वजनगटात. या आकड्यातच उत्तर आहे. रिंगणात समोर एकच माणूस, तोही आपल्याच वजनाचा, हातात ग्लोव्हज, मध्ये पंच. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. शिवाय ग्लोव्हजशिवाय डोक्यावर मारलेल्या मुठीत बऱ्याचदा मारणाऱ्याचंच हाड मोडतं, करंगळीच्या मागचं. डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. म्हणून स्वसंरक्षणात तळव्याचा मनगटाजवळचा भाग वापरायला शिकवतात.

हेल्मेटसारखं संरक्षण घातलं की मेंदू सुरक्षित, हाही तसलाच समज. ते जखमा आणि सूज कमी करतं. आतल्या हादऱ्याला थांबवत नाही. पुरुषांच्या वरिष्ठ गटातल्या हौशी बॉक्सिंगमधून ते 2013 मध्ये काढलं गेलं. हुक हनुवटीवर बसला की डोकं गर्रकन फिरतं, आणि त्या फिरण्याने शुद्ध जाते. त्यापुढचा धोका म्हणजे डांबरावर किंवा फरशीवर डोकं आपटणं. मार लागल्यावर माणूस आधी ठीक बोलला, मग उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी सुरू झाली, तर रात्र काढायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

गैरसमज: आधी त्याचा फटका बसला तरच आपल्याला हात उचलता येतो.

कायदा असं म्हणत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत. कलम 40 प्रमाणे शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण झाली, तेव्हाच हा हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. कलम 37 दुसरी बाजू सांगतं: बचावाला लागते त्याहून जास्त इजा करता येत नाही. तो पडला, पळू लागला, आणि आपण मागे जाऊन लाथ घातली, तर ते स्वसंरक्षण उरत नाही. दात पडला किंवा हाड मोडलं तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत ठरते, आणि तिला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ‘सोडू नको त्याला’ म्हणणारे मित्र कोर्टाच्या तारखेला येत नाहीत.

आणि मुठीत काही चमकलं, तर वरचं सगळं विसरायचं. चाकूचा वार लांबून ठोशासारखाच दिसतो, पण त्याला बाहूने झाकणं म्हणजे बाहू कापून घेणं. तिथे फक्त पळणं, आडोसा, आरडाओरडा आणि 112.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगायला हवं. त्यांच्यावर हात टाकणारा बऱ्याचदा अनोळखी गुंड नसतो. तो ओळखीचा, कधी घरातलाच असतो. आणि तो बॉक्सरसारखा ठोसा मारत नाही. मनगट धरतो, केस धरतो, थोबाडीत मारतो. तीन दिवसांच्या शिबिरात चार प्रकारचे ठोसे शिकवून ही गरज भागत नाही. धरलेल्या हातातून सुटणं, ओरडणं, 181 वर फोन करणं आणि घरी किंवा शाळेत विश्वासाच्या माणसाला सांगणं, याला तिथे पहिला तास हवा.

तुमच्या मुलीच्या शाळेत असा वर्ग चालू असेल, तर एकदा जाऊन बघा. आकडा न सांगता, मऊ ग्लोव्ह घालून, कडेने अचानक येणारा फटका त्या वर्गात कुणी देतं का? देत नसेल तर सरांना किंवा मॅडमना तेवढं करायला सांगा.