बाजारहाटांतून इंग्रजी काळांची ओळख



इंग्रजी क्रियापदांचे काळ, एवढे शब्द कानीं पडतांच पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांच्या व गृहिणींच्या डोळ्यांपुढें शाळेंतील एक तक्ता उभा राहतो. उभे तीन रकाने, आडव्या चार ओळी. एकूण बारा घरें, आणि प्रत्येक घरांत एक भारदस्त नांव व एक नमुन्याचें वाक्य. हा तक्ता खोटा नाहीं. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ व प्रत्येकाच्या चार अवस्था, असा तो बाराचा हिशेब आहे. परंतु तोच तक्ता मुखोद्गत असलेला मनुष्य बँकेच्या खिडकीपाशीं उभा राहिला, कीं बारांपैकीं कोणतें घर उघडावें हें त्याला सुचत नाहीं. मग तो एक तर गप्प राहतो, किंवा प्रत्येक वाक्याच्या आरंभीं ‘आय ॲम’ घालून कशीबशी वेळ मारून नेतो. असें कां होतें, आणि बाजारहाट, दवाखाना, नळदुरुस्ती अशा रोजच्या कामांतून हे काळ अंगवळणीं कसे पाडून घेतां येतील, याचा आज विचार करावयाचा आहे.

नुसतें पाठांतर करून परभाषा बोलतां येत नाहीं, याचा एक प्रसिद्ध दाखला फ्रान्स्वा ग्वँ या फ्रेंच शिक्षकाचा आहे. एकोणिसाव्या शतकांत हा गृहस्थ जर्मन भाषा शिकण्याकरितां हँबुर्ग शहरीं गेला. जर्मन व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदें त्यानें अवघ्या दहा दिवसांत घोकून काढलीं, आणि मोठ्या उमेदीनें तो व्याख्यान ऐकावयास जाऊन बसला. त्याला एक शब्दही उमगला नाहीं. निराश होऊन तो मायदेशीं परतला, तों नात्यांतील एक लहान मूल त्या अवधींत आपली मातृभाषा घडघडा बोलूं लागलेलें त्यास दिसलें. हें मूल एके दिवशीं पाणचक्की पाहून आलें. घरीं येतांच त्यानें इवल्याशा पिशव्या भरल्या, पाण्यावर फिरणारें चाक मांडलें, आणि आधीं काय होतें, मग काय होतें, शेवटीं काय होतें, हें तोंडानें म्हणत म्हणत तो खेळ तें पुनः पुनः खेळूं लागलें. भाषा मनांत बसते ती सुट्या शब्दांनीं नव्हे, एकामागून एक घडणाऱ्या क्रियांच्या मालिकेनें, असें अनुमान ग्वँ यानें त्यावरून काढलें. त्याचा ग्रंथ १८८० सालीं प्रसिद्ध झाला व १८९२ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. त्याचीं सर्वच मतें आज कोणी स्वीकारीत नाहीं. परंतु आपल्या कामापुरतें एक तत्त्व त्यांतून घेण्याजोगें आहे. कोणत्याही कामाला आरंभ, मध्य व शेवट असतो. आणि जेथें आरंभ, मध्य व शेवट आहे तेथें काळ आपोआपच आला.

तेव्हां आपण एकच काम घेऊं: औषधाच्या दुकानांतून आईचें औषध आणणें.

सकाळीं चहा घेतांना आपण मनाशीं म्हणतों, ‘आय ॲम गोइंग टु बाय द मेडिसिन टुडे.’ हा आधीं ठरलेला बेत झाला. तेवढ्यांत आंतून कोणी सांगितलें, कीं येतांना साबणही आणा; आपण लगेच उत्तर देतों, ‘आय विल बाय इट.’ हें तेथल्या तेथें दिलेलें वचन. दोन्ही भविष्यकाळच, परंतु एक निश्चय अगोदरचा आणि दुसरा या क्षणाचा. पुढें रस्त्यानें जातांना ओळखीचे गृहस्थ भेटतात. त्यांना आपण सांगतों, ‘आय ॲम वॉकिंग टु द शॉप.’ ही चालूं असलेली क्रिया. दुकानदाराला सांगतों, ‘माय मदर टेक्स धिस टॅब्लेट एव्हरी मॉर्निंग.’ ही रोजची रीत. घरीं परत आल्यावर दारांतूनच म्हणतों, ‘आय हॅव बॉट द मेडिसिन.’ काम झालें आणि त्याचें फळ आतां हातांत आहे. रात्रीं जमाखर्च लिहितांना म्हणतों, ‘आय बॉट द मेडिसिन ॲट टेन ओक्लॉक.’ काम संपलें, वेळही संपली, गोष्ट वहींत गेली.

पाहा, एका फेरींत सहा वाक्यें झालीं आणि नित्य व्यवहाराला लागणारे बहुतेक काळ येऊन गेले. बारा घरांपैकीं उरलेलीं घरें विद्वत्तेच्या लेखनांत उपयोगी पडतील. बाजारांत त्यांवांचून फारसें अडत नाहीं.

हा सारा खटाटोप केवळ शुद्धतेच्या हौसेसाठीं आहे, असें मात्र कोणी समजूं नये. समजा, परदेशीं लेकाकडे राहावयास गेलेल्या एखाद्या आजीबाईंना रक्तदाबाचा विकार आहे. दवाखान्यांतील परिचारिका गोळी पुढें करून प्रश्न विचारते. आजीबाई म्हणाल्या, ‘आय टेक धिस टॅब्लेट’, तर ऐकणारीला इतकेंच कळतें, कीं ही गोळी त्या रोज घेत असतात. आजची घेतली कीं नाहीं, याचा त्यांत उल्लेखच नाहीं. ‘आय वॉज टेकिंग धिस टॅब्लेट’ म्हणाल्या, तर पूर्वीं घेत होत्या व आतां बंद केली, असा तिचा समज होईल. ‘आय टुक धिस टॅब्लेट’ म्हणाल्या, तर केव्हांतरी घेतली खरी, पण आज कीं गेल्या वर्षीं, हा प्रश्न उरतो. आणि ‘आय हॅव टेकन धिस टॅब्लेट’ म्हणाल्या, तर गोळी घेऊन झाली आहे, आतां पुन्हा नको, हें तात्काळ ध्यानांत येतें. शब्द जवळजवळ तेच. परंतु गोळी एकदां जावी, दोनदां जावी कीं मुळींच जाऊं नये, हें क्रियापदाच्या एका रूपावर येऊन ठेपलें. अशा प्रसंगीं सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे साधा भूतकाळ वापरून त्याला वेळ जोडून द्यावी: ‘आय टुक इट ॲट एट धिस मॉर्निंग.’ वेळेचा शब्द हा काळाचा जामीन आहे. तो सोबत असला म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाहीं.

आतां आपण मराठी माणसें नेमकीं कोठें अडखळतों, तें पाहूं. आपल्या चुका वेड्यावांकड्या नसतात. त्या बहुधा आपल्याच भाषेच्या वळणानें झालेल्या असतात. म्हणून त्या ओळखणें सोपें आहे.

मराठी व्याकरणांतही प्रत्येक काळाच्या चार अवस्था सांगतात: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति. पहिल्या तीन इंग्रजीशीं बऱ्याच अंशीं जुळतात. चौथीपाशीं वाटा फुटतात. ‘जात असतों’ या आपल्या रीतिवर्तमानासाठीं इंग्रजींत वेगळें घर नाहीं. तें काम तेथील साधा वर्तमानकाळच करतो. म्हणून ‘मी रोज बाजारांत जात असतों’ याचें ‘आय ॲम गोइंग टु द मार्केट एव्हरी डे’ असें भाषांतर न करतां ‘आय गो’ म्हणावें. तो किंवा ती आली कीं शेवटीं ‘स’चा ध्वनि यावयाचा: ‘शी गोज’, ‘ही टेक्स’. त्याचप्रमाणें जाणणें, असणें, हवें असणें या क्रिया इंग्रजींत सहसा चालूं रूपांत ठेवीत नाहींत. ‘आय नो’, ‘आय हॅव टू सन्स’, ‘आय वॉन्ट चेंज’ एवढें पुरे. ‘आय ॲम नोइंग’ आणि ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ हीं आपलीं खास देशी अपत्यें होत.

इंग्रजीची चौथी अवस्था निराळीच आहे. मागें सुरू झालेली क्रिया आतांपर्यंत चालत आली आहे, हें ती सांगते. स्वयंपाकघरांतील नळ गळतो आहे व आपण दुरुस्तीवाल्याला फोन करीत आहों. ‘द टॅप लीक्स’ म्हटलें, तर नळाला गळण्याची खोड आहे इतकाच बोध होतो. ‘द टॅप इज लीकिंग’ म्हटलें, तर या घटकेला पाणी वाहत आहे. आणि ‘सोमवारपासून गळत आहे’ हें सांगावयाचें तर ‘द टॅप हॅज बीन लीकिंग सिन्स मंडे.’ येथें आपण हटकून ‘इज लीकिंग सिन्स मंडे’ म्हणतों, कारण मराठींत ‘गळत आहे’ एवढ्यानें काम भागतें. शिवाय आपला ‘पासून’ दोन्ही ठिकाणीं चालतो: सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून. इंग्रजींत आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तर ‘सिन्स’, आणि काळाचें माप सांगावयाचें असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स मंडे’, पण ‘फॉर थ्री डेज’.

दुसरी अडचण ‘आहे’ची. ‘मीं सोमवारीं बिल भरलें आहे’ हें निर्दोष मराठी होय. त्याचें ‘आय हॅव पेड द बिल ऑन मंडे’ हें मात्र सदोष इंग्रजी होय. झालेल्या वेळेचें नांव घेतलें, कीं ‘हॅव’नें निघून जावें: ‘आय पेड द बिल ऑन मंडे.’ वेळ न सांगतां नुसतें बिल फिटलें आहे एवढेंच सांगावयाचें असेल, तर ‘आय हॅव पेड द बिल.’ अमेरिकेंतील लोक पुष्कळदां ‘हॅव’च्या जागीं साधा भूतकाळच घालतात, ‘आय जस्ट पेड’ असें म्हणतात; तें ऐकून गोंधळूं नये.

तिसरी अडचण अधिक गमतीची आहे. पुढें घडावयाच्या गोष्टीसाठीं आपण खुशाल भूतकाळाचें रूप वापरतों. ‘पाऊस पडला तर मी जाणार नाहीं’. ‘तुम्ही बाजारांत गेलांत म्हणजे मला कळवा.’ पाऊस अजून पडलेला नाहीं आणि कोणी बाजारांत गेलेलें नाहीं. तरी ‘पडला’ आणि ‘गेलांत’! इंग्रजींत अशा ठिकाणीं वर्तमानकाळ येतो: ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट गो’, ‘व्हेन यू गो टु द मार्केट, कॉल मी.’ ‘इफ’ आणि ‘व्हेन’ यांच्या पाठोपाठ ‘विल’ घालण्याचा मोह होईल, तोही आवरावा. तसेंच निरोप घेतांना आपण ‘जातों’ हें अशुभ मानून ‘येतों’ म्हणतों. त्याचें ‘आय ॲम कमिंग’ केलें, तर समोरचा मनुष्य आपली वाट पाहत बसेल! तेथें ‘आय ॲम लीव्हिंग नाउ’ म्हणावें. ‘आय ॲम कमिंग’ हें राखून ठेवावें आपल्या ‘आलोंच’साठीं, कारण ‘आलोंच’ म्हणणारा अजून आलेला नसतो.

चौथी गोष्ट प्रश्नाची व नकाराची. ‘डिड’ आला, कीं भूतकाळाचा सारा भार त्यानें उचलला. मग मुख्य क्रियापदानें मूळ रूपांत राहावें. ‘डिड यू गो?’, ‘आय डिड नॉट गो.’ ‘डिड यू वेंट’ म्हणणें म्हणजे एकाच ओझ्याला दोन हमाल लावणें होय.

इतक्या अडचणी ऐकून कोणाचा धीर खचला असेल, तर त्यांना एक दिलाशाची गोष्ट सांगतों. भूतकाळाच्या बाबतींत इंग्रजी आपल्या मराठीपेक्षां पुष्कळ सोपी आहे. आपण आंबा आणला, भाजी आणली, दूध आणलें, आंबे आणले, पिशव्या आणल्या आणि फळें आणलीं. एका क्रियापदाचीं सहा रूपें आपण कर्माचें लिंग व वचन पाहून क्षणार्धांत योजितों, आणि त्यांत कधीं चुकत नाहीं. इंग्रजींत या सहांच्या जागीं एकच ‘ब्रॉट’ आहे. ज्याच्या जिभेवर हीं सहा रूपें विनासायास खेळतात, त्याला एक ‘ब्रॉट’ जड कां जावें? तें जड जातें तें बुद्धीच्या उणीवेनें नव्हे, सरावाच्या अभावानें. मराठी आपण तक्त्यांतून शिकलों नाहीं. आंबे आणतां आणतां शिकलों.

सरावाची रीत अगदीं साधी आहे. अनियमित क्रियापदें पुष्कळ असलीं, तरी बाजारहाटाला वीसेक पुरतात: जाणें, येणें, घेणें, देणें, आणणें, विकत घेणें, विकणें, पैसे भरणें, पाठविणें, मिळणें, सांपडणें, हरवणें, विसरणें, ठेवणें, सांगणें, पाहणें, करणें, खाणें, पिणें, निघणें. यांतील एक रोज घ्यावें. त्या दिवशीं जें काम असेल त्यांत तें चार वेळां मनांत म्हणावें: निघण्यापूर्वीं बेत म्हणून, वाटेंत चालूं क्रिया म्हणून, परत येतांच झालेलें काम म्हणून, आणि रात्रीं वेळ जोडून सरलेली गोष्ट म्हणून. भाजीवाल्याशीं मराठींतच बोलावें. त्याच्यावर इंग्रजीचा प्रयोग करण्याचें कारण नाहीं. हा पाठ आपल्या मनाशीं चालावयाचा आहे. घरांत शाळकरी मुलें असतील, तर रात्रीं जेवतांना ‘आज कोणीं काय आणलें’ हें प्रत्येकानें एकेका वाक्यांत सांगावें. मुलानें आजीची चूक काढली तर आजीनें हंसावें, आणि आजीनें मुलाची काढली तर मुलानें ऐकावें.

प्रौढ माणसाला परभाषा बोलतांना लाज वाटते, ती चुकण्याची नसते. चुकतांना कोणी पाहील याची असते. म्हणूनच मनांतल्या मनांत करावयाचा हा सराव गृहिणींना व वडील मंडळींना विशेष सोईचा आहे. तेथें परीक्षक नाहीं, गुण नाहींत, हंसणारें कोणी नाहीं. महिन्याभरानें कधीं दवाखान्याच्या खिडकीपाशीं प्रश्न आला, तर उत्तरासाठीं तक्ता आठवावा लागणार नाहीं. क्रिया आठवेल आणि तिच्या मागोमाग तिचा काळ येईल. उद्यां सकाळीं पिशवी हातांत घेतांना पहिलें वाक्य मनांत म्हणून पाहावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.