बीडाला टाके

अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटाकडे, जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा उणे ३० अंशांखाली जातो. शेतावरच्या शेडमधल्या जुन्या फोर्ड ट्रकच्या इंजिनात नुसतं पाणी राहून गेलं असेल, तर त्या रात्री वरून काहीच दिसत नाही. कळतं ते बर्फ वितळल्यावर. ब्लॉकच्या कुशीतून पाणी ठिबकू लागतं आणि गंज खरवडला की वीतभर लांबीची, केसासारखी रेघ दिसते.

एवढ्यावरून पुष्कळ जण इंजिन मोडीत घालतात. मला ही घाई वाटते. गोठून फुटलेल्या ब्लॉकमधलं लोखंड कुठेही झिजलेलं नसतं, गळून पडलेलं नसतं. तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींशी जुळतात. सिलिंडर, बेअरिंगांच्या जागा, सगळं बहुधा पहिल्यासारखंच असतं. फुटलेली असते ती पाण्याभोवतीची जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची भिंत.

फोर्डचं हे व्ही-एट इंजिन १९३२ मध्ये आलं आणि अमेरिकेत १९५३ पर्यंत बनत राहिलं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्यामुळे माथा सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड. सिलिंडरच्या दोन्ही रांगा आणि क्रँककेस एकाच ओतकामात काढणं हे त्या काळी मोठं धाडस होतं. जळालेला वायूही ब्लॉकमधूनच बाहेर पडतो, त्यामुळे इंजिन फार तापतं आणि त्याला पाणी भरपूर लागतं, सुमारे २० लिटर. पाण्याचं बर्फ होताना आकारमान नऊ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे या २० लिटरना पावणेदोन लिटरची जास्तीची जागा हवी असते, आणि बंदिस्त भिंतींमध्ये ती नसते. ब्लॉकचं ओतीव लोखंड, म्हणजे बीड, दाब उत्तम सोसतं, ताण मात्र नाही, कारण त्याच्या पोटात ग्राफाइटचे पापुद्रे पसरलेले असतात आणि तडा त्यांच्याच वाटेने धावतो.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या वाट्यांसारखी बुचं असतात. त्यांना ‘फ्रीझ प्लग’ म्हणतात, आणि बर्फ झालं की ती निसटून ब्लॉक वाचवतात असा समज आहे. कधी निसटतातही, पण त्यांचं काम ते नव्हे. ओतकामात पाण्याची पोकळी वाळूच्या कोअरने घडते. नंतर ती वाळू काढायला भोकं लागतात आणि ती या बुचांनी बंद करतात. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत राबणाऱ्याला हे सांगावं लागणार नाही.

खरा घात बहुतेकदा पाणी सोडायच्या कॉकमध्ये होतो. पूर्वीचे चालक थंडीत रात्री पाणी सोडून देत. रेडिएटर रिकामा होई, पण या इंजिनाच्या दोन रांगांना पाणी सोडायच्या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि वर्षानुवर्षांचा गाळ नेमका तिथेच तळाशी बसतो. कॉक उघडला, धार आली नाही, म्हणजे पाणी संपलं असं धरलं, आणि एक रांग भरलेलीच राहिली.

दुरुस्तीचा विचार आला की आधी वेल्डिंग सुचतं. बीडाला वेल्डिंग होतं, पण त्यासाठी अख्खा ब्लॉक भट्टीत तापवून पुढे सावकाश निववावा लागतो. थंड ब्लॉकवर नुसती ठिणगी टेकवली, तर शेजारचं बीड झटकन निवून काचेसारखं कडक होतं आणि जोडाच्या कडेने नवा तडा जातो. वरून इपॉक्सी थापणं मला मलमपट्टीच वाटते.

म्हणून टाके. टेक्सासच्या तेलक्षेत्रात आग चालत नसे, तिथे १९३० च्या दशकात ही बिनआगीची रीत वाढली. मुंबईत जहाजांची मोठी इंजिनं याच रीतीने सांधतात.

आधी तड्याची टोकं शोधायची. डोळ्यांना दिसतो तिथे तडा संपत नाही. चुंबक लावून बारीक लोहचूर्ण भुरभुरलं की ते रेघेवर गोळा होतं आणि खरी लांबी समजते. पहिलं भोक टोकाच्या पलीकडे, शाबूत धातूत. भोकाला आटे पाडायचे, सीलंट लावलेली पिन पिळून बसवायची, वरचा भाग कापून टाकायचा. मग थोडी जागा सोडून दुसरी, तिसरी. रांग पुरी झाली की सोडलेल्या जागांमध्ये भोकं पाडायची, दोन्ही शेजारच्या पिनांचा काठ खात. शेवटी तडा उरतच नाही, त्याच्या जागी एकमेकींत गुंतलेल्या पिनांची साखळी असते. २० सेंटिमीटरच्या तड्याला, पिना चार मिलिमीटरवर धरल्या, तर पन्नास पिना लागतात. पन्नास वेळा ड्रिल, पन्नास वेळा आटे. पातळ भिंतीत टॅप किंचित तिरका गेला की ते भोक वाया. सुरुवातीच्या पिना निमुळत्या असत आणि पाचरीसारख्या कडा फाकवत. आता आट्यांना आकड्यासारखा बाक देतात, त्यामुळे पिन घट्ट होताना दोन्ही कडांना आपल्याकडे ओढते. भिंत जाड असेल आणि ताण येत असेल, तिथे तड्याला आडव्या धातूच्या चाव्याही ठोकतात.

मग पृष्ठभाग घासायचा, ब्लॉकची सगळी तोंडं बंद करायची, आत दाबाने हवा भरायची आणि वरून साबणाचं पाणी सोडायचं. एखाद्या पिनेच्या कडेला बुडबुडा धरला, तर तेवढी पिन काढून तिथे जाड पिन बसवायची. बुडबुडे थांबले की ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं भरायचं. हे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत तग धरतं. पण ते भरण्याआधी दोन्ही कॉक काढून आत तार घालायची आणि स्वच्छ धार लागेपर्यंत गाळ उकरत राहायचं.