प्रोटॉन मरतो का?

वीज आणि चुंबकत्व ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकात दाखवले. पुढे ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी त्यात दुर्बल बल जोडले आणि १९७९चे नोबेल मिळवले. मग अणुकेंद्र बांधून ठेवणारे तीव्र बलही याच कुळातले असेल का?

१९७४ साली जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी तसा सिद्धांत मांडला. तो खरा असेल, तर प्रोटॉनही कधीतरी फुटायलाच हवा. त्याचे आयुष्य विश्वाच्या वयाहून कितीतरी मोठे. म्हणून असंख्य प्रोटॉन एकत्र ठेवायचे आणि त्यांतला एखादा फुटण्याची वाट पाहायची.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह हेच केले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोल, १४० टनांचा शोधक १९८०मध्ये सुरू झाला. वरचा खडक बहुतेक वैश्विक किरण अडवत होता. काही घटना प्रोटॉन फुटल्यासारख्या दिसल्या, पण इतर प्रयोगांनी त्यांना दुजोरा दिला नाही.

जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगानुसार, अपेक्षित मुख्य मार्गाने फुटायला प्रोटॉनला एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक काळ लागेल. जॉर्जी-ग्लॅशोंचा सिद्धांत त्याच्या साध्या रूपात टिकला नाही; एकीकरणाचा शोध मात्र चालूच आहे. गुरुत्वाकर्षण तर अजून या हिशेबाबाहेरच आहे.