दमलेला घोडा आणि त्याची नक्कल

ग्रीस देशात अथेन्स शहर आहे. तेथल्या टेकडीवर पार्थेनॉन नावाचे संगमरवरी देऊळ आहे. ते सुमारे २,४५० वर्षांपूर्वीचे. देवळाच्या दर्शनी भागात, छपराखालच्या त्रिकोणी कोपऱ्यात, एका घोड्याचे डोके होते. चंद्रदेवतेच्या रथाचा हा घोडा. रात्रभर रथ ओढून दमलेला. डोळे बाहेर आलेले, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड उघडे. आपला टांगेवाला पाहील तर म्हणेल, आधी याला पाणी दाखवा!

हे डोके आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ग्रीसवर तुर्कांचे राज्य होते, तेव्हा एल्गिन नावाच्या ब्रिटिश राजदूताने १८०१ सालापासून पुष्कळ शिल्पे उतरवून नेली. १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. ग्रीस ती परत मागतो. म्युझियम देत नाही.

२०२२ साली ऑक्सफर्डच्या एका संस्थेने वेगळी वाट काढली. हुबेहूब नक्कल करू. नक्कल लंडनने ठेवावी, अस्सल अथेन्सला द्यावे. म्युझियमने मापे घेऊ दिली नाहीत. मग संस्थेची माणसे चार लोकांसारखी आत गेली आणि मोबाइलने चोहोबाजूंनी घोडा टिपून आली!

फोटोवरून दगड कसा घडवायचा? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. जड जाते की नाही? दोन डोळे दोन जागांवरून पाहतात, म्हणून अंतर कळते. संगणक तेच करतो. एकच खूण निरनिराळ्या फोटोंत कोठे दिसते ते ताडून तिची नेमकी जागा काढतो. अशा असंख्य खुणांचा मिळून घोडा होतो.

पुढचे काम इटलीतल्या करारा गावी झाले. तेथे संगमरवराच्या मोठ्या खाणी आहेत. यंत्राच्या हाताला गरगर फिरणारे हत्यार असते, वरून पाण्याची धार. दगडाचे पापुद्रे निघत जातात. यंत्र दमत नाही, विडी ओढायला उठत नाही.

पण यंत्राच्या मागे बारीक चऱ्या राहतात. खोल सांदीत हत्यार पोहोचत नाही. म्हणून अशा कामात शेवटचा हात कारागिराचा. छिन्नी, कानस, घासकागद घेऊन तो बसतो, बोटांनी चाचपतो आणि कोठे थांबायचे ते ठरवतो. पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला विचारा. एक घाव जास्त पडला, की दगड भरून येत नाही.

कोणी म्हणेल, नक्कल इतकी चांगली, तर अथेन्सनेच ती घ्यावी! अथेन्समध्ये २००९ साली उघडलेल्या संग्रहालयात, नेलेल्या पुष्कळ शिल्पांच्या जागी प्लॅस्टरच्या नकलाच आहेत. आम्हांला विचाराल तर घोडा ज्या देवळाचा, त्याच्या गावी जावा. म्युझियमने मात्र संस्थेची सूचना मान्य केली नाही.