न दिसणाऱ्या वायूचा हिशोब

तारे कशापासून बनतात, असे मुलांनी विचारले तर काय सांगावे? तारे वायूपासून बनतात. पण तापलेल्या नव्हे, अतिशय थंड वायूपासून. शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सियस थंडीत हायड्रोजनचे दाट ढग स्वतःच्याच भाराने आकसतात आणि त्यांतून तारे जन्मतात. म्हणून एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, पुढे किती तारे होणार हे जाणायचे तर तिच्याजवळ थंड वायू किती शिल्लक आहे ते पाहावे लागते. आम्ही पडलो कारकून. शिल्लक काढण्याची ही रीत आम्हाला फार भावली.

अडचण अशी, की हा वायू दिसतच नाही. त्यात हायड्रोजनचे अणू दोन-दोनच्या जोडीने राहतात. ही जोडी इतकी समसमान, की त्या थंडीत तिच्याकडून मोजण्याजोगी लहर निघत नाही. तेव्हा शास्त्रज्ञ तिच्या सोबत्याला गाठतात. हा सोबती म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे ज्याने दगावतात, तोच हा वायू. (माताभगिनींनी थंडीच्या दिवसांत हे विसरू नये.) हायड्रोजनच्या सुमारे दहा हजार जोड्यांमागे त्याचा एखादा रेणू, पण तो २.६ मिलिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. अमेरिकेतील रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स व आर्नो पेंझियस यांनी १९७० साली मृग नक्षत्रातील तेजोमेघात ती प्रथम पकडली.

२०१० साली लिंडा टॅकोनी व सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील रेडिओ दुर्बिणींनी अतिदूरच्या, पण चारचौघींसारख्या दीर्घिकांतला हा वायू मोजला. दूरचा प्रकाश म्हणजे जुना प्रकाश. सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत तारे व थंड वायू यांच्या एकूण वस्तुमानापैकी ४४ टक्के वायू होता, ८.५ अब्ज वर्षांपूर्वीच्यांत ३४ टक्के. आजच्या मोठ्या दीर्घिकांत तो बहुधा दहा टक्क्यांच्या आतच असतो. त्या काळी तारे झपाट्याने का जन्मत, याचे मोठे कारण दीर्घिकांच्या टकरी नसून भरलेले कोठार होते, हे यातून दिसले.

मात्र एक खोच आहे. सोबत्यावरून मूळ वायू काढताना कोणत्या दराने गुणायचे? आपल्या आकाशगंगेसाठी जो दर धरतात, तो आदळलेल्या, धगधगत्या दीर्घिकांना लावला तर वायू चार-पाचपट जास्त भरतो. लहान दीर्घिकांत उलटेच घडते : ताऱ्यांचे अतिनील किरण कार्बन मोनॉक्साईड फोडून टाकतात, हायड्रोजन मात्र टिकतो. म्हणून अशा आकड्यांपुढे दर कोणता धरला ते आधी विचारावे, असे आम्हास वाटते.

थंड वायूचा कच्चा माल म्हणजे सुट्या अणूंचा हायड्रोजन. त्याचे मोजमाप आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने झाले. तिच्या ३० अँटेना आहेत. एकेका दीर्घिकेचा संकेत फारच क्षीण, म्हणून शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी काढली व २०२० साली प्रसिद्ध केली. सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांत माल भरपूर होता, पण खर्चही तसाच. नवी आवक झाली नसती तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे ताऱ्यांचा जन्मदर घसरला, तो ही आवक अपुरी पडल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.